सोडून दिलेला मसुदा यादीतून खोडू नये

गैरसमज : वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या संकेतस्थळावर पान आहे, म्हणजे ते मानकच.

तिथे कच्चे मसुदे, पक्क्या शिफारशी आणि अर्ध्यावर सोडलेली कामे शेजारीशेजारी नांदतात. वेब एसक्यूएल डेटाबेसचेच पाहा. ब्राउझरच्या पोटातच डेटाबेस ठेवायचा हा मसुदा १८ नोव्हेंबर २०१० रोजी थांबवला गेला. पान मात्र आजही उघडते. फक्त सुरुवातीला सावधगिरीची सूचना आहे.

तो का थांबला, हे मुद्दाम समजून घ्यावे. मानक व्हायचे तर स्वतंत्रपणे लिहिलेल्या एकाहून अधिक अंमलबजावण्या जुळाव्या लागतात. इथे ज्यांनी ज्यांनी तो राबवला, त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हेच डेटाबेस-सॉफ्टवेअर बसवले होते. वर्गातल्या साऱ्या मुलांनी एकाच वहीतून उत्तर उतरवावे, तसे. मसुद्यात तर सरळ लिहिले होते की एसक्यूलाइट ३.६.१९ ला जी एसक्यूएल भाषा समजते, तीच चालवावी. एका सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीकडे बोट दाखवणे म्हणजे मानक नव्हे.

गैरसमज : ब्राउझरमध्ये चालतेय ना, मग काळजी कसली?

वेब एसक्यूएल त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिले. फायरफॉक्सने ते कधी घेतलेच नाही, सफारीने २०१९ मध्ये काढले आणि क्रोमने २०२३ मध्ये, ११९ व्या आवृत्तीत. म्हणजे निकाल आणि त्याचा अंमल यांत तेरा वर्षांचे अंतर! एवढ्या काळात किती जणांनी ‘चालतेय’ म्हणून त्यावर नवे काम उभारले असेल, या विचाराने जीव हळहळतो. कोणते मानक चालू आणि कोणते थांबले हे सांगणारी, नीट ठेवलेली यादी त्यांना पहिल्याच दिवशी सावध करू शकली असती.

गैरसमज : जुनी तारीख दिसली की मानक मोडीत निघाले असे समजावे.

इंटरनेटच्या क्रमांकित आरएफसी दस्तऐवजांपैकी २० वा १९६९ चा; तो आस्की अक्षरसंचाबद्दल आहे आणि आजही इंटरनेट मानक आहे. उलट १९९९ चा आरएफसी २६१६, ज्यावर एचटीटीपीची एक पिढी शिकली, तो २०१४ मध्येच मागे पडला. २०२२ मध्ये त्या जागी आलेलेही बदलले. आरएफसी एकदा छापला की त्यातला आशय बदलत नाही. त्यामुळे आपण कालबाह्य झालो, हे त्या मजकुराला कधीच कळत नाही. ते सांगायचे काम यादीचे.

गैरसमज : सोडलेली मानके काढून टाकली की यादी ताजी.

माझ्या मते सगळ्यांत घातक समजूत ही. जुन्या कोडमध्ये वेब एसक्यूएलचा ‘ओपनडेटाबेस’ हा आदेश दिसला आणि यादीत वेब एसक्यूएलचे नावच नसले, तर शोधणाऱ्याला काय कळणार? नोंद राहू द्यावी, तिच्यावर ‘थांबवलेले’ असा शेरा मारावा आणि पुढचा पत्ता द्यावा : इथे इंडेक्स्डडीबी, ब्राउझरमध्ये डेटा साठवायचे मानक. डब्ल्यूथ्रीसीची ‘ब्राउझर-स्पेक्स’ यादी हेच करते. प्रत्येक नोंदीला ‘स्टँडिंग’ (सद्यस्थिती) नावाचा रकाना आहे, आणि जागा घेणाऱ्या मानकासाठी वेगळा. हा दुसरा रकाना फार मोलाचा, कारण वारस कधी कधी दुसऱ्याच घरी सापडतो. एचटीएमएल ५.२ ही डब्ल्यूथ्रीसीची शिफारस २०२१ च्या जानेवारीत मागे पडली. तेव्हापासून पाहायचे ते व्हॉटडब्ल्यूजी या दुसऱ्या गटाचे सतत बदलते मानक.

गैरसमज : यादी सांभाळायचे हे सारे काम स्क्रिप्टवर सोपवता येते.

तुटलेले दुवे आणि बदललेले शेरे स्क्रिप्टला सापडतात. पण पुष्कळ मसुद्यांना कोणी निरोपच देत नाही. आरएफसी होण्याआधीच्या मसुद्याची, म्हणजे इंटरनेट-ड्राफ्टची, मुदत सहा महिन्यांनी आपोआप संपते. वेबच्या मसुद्यांना अशी मुदत नाही. काम संथ आहे की बंद पडले, हे मग माणसालाच पाहावे लागते : शेवटचा बदल कधीचा, कुठल्या ब्राउझरमध्ये हालचाल आहे का, आणि संपादकाला विचारले तर तो काय म्हणतो.