अल्पाइन रोपं थंडीने मरत नाहीत

ब्रिटनमध्ये मार्च-एप्रिल उजाडला की नर्सऱ्यांच्या दारातच वीतभरही उंच नसलेल्या फुलझाडांचे ट्रे मांडलेले दिसतात. जांभळी ऑब्रिशिया, गुलाबी मॉस फ्लॉक्स, दाट गोलसर सॅक्सिफ्रेज, गडद निळी जेन्शियन. इकडे नवं घर घेतलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या बागेचा श्रीगणेशा याच रोपांनी होतो. ती महाग नसतात, जागा फारशी अडवत नाहीत आणि फुलतात तेव्हा पान दिसू देत नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत मात्र त्यांच्या जागी तपकिरी लगदा उरलेला असतो आणि निदान ठरलेलं असतं: थंडीने गेली. हे निदान बहुतेक वेळा चुकतं. त्यावरून केलेले उपाय तर पुढच्या रोपांना आणखी लवकर संपवतात, म्हणून हे लिहायला हवं.

अल्पाइन म्हणजे डोंगरावर जिथे झाडं वाढायची थांबतात, त्या वृक्षरेषेच्या वर राहणाऱ्या वनस्पती. आल्प्समध्ये ही रेषा साधारण २००० मीटरच्या आसपास असते, हिमालयात बरीच वर. नर्सरीवाले मात्र त्याच ट्रेमध्ये खडकाळ उतारांवरची इतर बुटकी रोपंही ठेवतात. मॉस फ्लॉक्स त्यातलंच, अमेरिकेच्या पूर्व भागातलं. पण निचऱ्याची गरज सगळ्यांना सारखीच.

“हिवाळ्यात झाकून ठेवावी लागतात”

सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया हे जांभळ्या फुलांचं सॅक्सिफ्रेज स्वित्झर्लंडमधल्या डोम शिखराच्या जरा खाली, ४५०५ मीटरवर सापडलं आहे. ग्रीनलंडच्या पार उत्तर टोकालाही ते फुलतं. अशा रोपाला लीड्स-लंडनच्या थंडीचं काय!

फरक आहे तो हिवाळ्याच्या जातीत. उंच डोंगरावर शरदात बर्फ पडतो आणि वसंत सरेपर्यंत हलत नाही. त्या थराखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं, वारा लागत नाही आणि पाणी गोठलेलं असल्याने मुळांशी ओल साचत नाही. ब्रिटनचा हिवाळा याच्या नेमका उलटा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रिपरिप पाऊस, चार-सहा अंश तापमान, क्षितिजाला टेकलेला सूर्य. जमिनीला वाफसा म्हणून येतच नाही. अशा ओलीत रोप जमिनीलगत, मानेशी कुजतं. ज्यांच्या पानांवर लव असते, त्यांच्या लवेत पाणी अडकून राहतं आणि ती आधी जातात.

मग आपण मायेने त्यांना कापडात गुंडाळतो. म्हणजे उरलासुरला वाराही बंद. करायचं ते एवढंच: चार विटांवर किंवा तारेच्या पायांवर काचेचा अथवा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा डोक्यावर धरायचा आणि चारही बाजू उघड्या ठेवायच्या. पाऊस अडायला हवा, हवा नव्हे.

“कुंडीच्या तळाला खडी घातली की निचरा होतो”

हा समज आपण घरूनच आणलेला असतो. कुंडीत आधी विटांचे तुकडे, मग माती, हे आईने आणि आजीने केलेलं पाहिलेलं असतं. भोकावर एखादं खापर ठेवणं ठीक, माती वाहून जात नाही. पण खडीच्या थराने निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो.

स्वयंपाकघरातला आयताकृती स्पंज भिजवून तळहातावर आडवा ठेवा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा धरा. लगेच पुन्हा पाणी गळायला लागेल. निथळून झाल्यावरही कुठल्याही मातीच्या तळाशी पाण्याने तुडुंब भरलेला एक थर राहतोच. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे कुंडी जितकी खोल, तितका वरचा भाग कोरडा. आता तळाला खडी घातली तर काय होतं? बारीक मातीतलं पाणी मोठ्या फटींमध्ये सहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजल्याशिवाय ते खाली सरकत नाही. म्हणजे तो चिंब थर होता तसाच राहिला, फक्त खडीच्या डोक्यावर चढून मुळांच्या जवळ आला.

खडी हवीच, पण मातीत शेवटपर्यंत मिसळलेली. बागेची चांगली माती, कुजलेला पालापाचोळा आणि तीन ते सहा मिलिमीटरची टोकदार खडी, तिन्ही समान भाग. ओली करून मुठीत दाबली आणि बोटाने टोचली की फुटली पाहिजे. बांधकामाची मऊ वाळू वापरू नका, ती फटी बुजवते. जमीन चिकणमातीची असेल तर खड्डा खणून खडी भरण्यात अर्थ नाही, कारण त्या खड्ड्याची विहीर होते. त्यापेक्षा हातभर उंच वाफा बांधावा. शेवटी रोपाच्या मानेभोवती दोन-तीन सेंटिमीटर खडी पसरायची. तिथे पाणी थांबत नाही, पानं मातीला टेकत नाहीत आणि गोगलगायींचाही त्रास थोडा कमी होतो.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा हेच बरं. नायट्रोजन मिळाला की ही रोपं लांब, लुसलुशीत वाढतात, फुलं कमी देतात आणि तीच मऊ वाढ हिवाळ्यात आधी सडते.

“डोंगरावरची आहेत, मग कितीही ऊन चालेल”

त्यांना उजेड भरपूर लागतो, उष्णता नाही. डोंगरावर ऊन प्रखर असतं, पण हवा थंड, रात्र त्याहून थंड आणि मुळं दगडाखाली गारव्यात. ऑब्रिशिया, मॉस फ्लॉक्स, पिवळी ऑरिनिया, पांढरी आयबेरिस आणि रेशमी लवेची पल्सॅटिला ही मंडळी दिवसभराच्या उन्हात खूश असतात. दक्षिणेकडचा उतार त्यांनाच द्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारी दाट गोलाकार सॅक्सिफ्रेज मात्र जूनच्या दुपारी करपतात. त्यांना सकाळचं ऊन आणि दुपारी दगडाची सावली अशी जागा हवी. लंडनच्या क्यू गार्डन्सने २००६ मध्ये उघडलेल्या डेव्हिस अल्पाइन हाउसची सगळी रचना गारव्यासाठी आहे. जमिनीखालच्या काँक्रीटच्या वाटांमधून फिरलेली थंड हवा रोपांवर सोडली जाते आणि तापलेली हवा उंच छतातून निघून जाते.

दगडांचंही असंच. ते शोभेसाठी कमी आणि मुळांच्या गारव्यासाठी जास्त असतात. यॉर्कशरचे वनस्पतिशोधक रेजिनाल्ड फॅरर (१८८०–१९२०) यांनी शंभर वर्षांपूर्वीच मातीच्या ढिगावर दगड खोचण्याच्या फॅशनवर सडकून टीका केली होती. दगड वापरायचे तर निम्म्याहून अधिक जमिनीत गाडावेत. नसले तरी दगडी डोणीत किंवा उंच वाफ्यात काही अडत नाही.

“पानांच्या कडेला पांढरं पडलंय, रोग आहे”

काही सॅक्सिफ्रेजच्या पानांच्या कडेवर ओळीने पांढरे कण दिसतात. बुरशी समजून लोक ते चोळून काढतात, औषध फवारतात. तो चुना असतो. पानाच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांमधून क्षारयुक्त पाणी बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक छिद्रावर एकेक कण नीट बसलेला दिसतो. ते रोप तसंच राहू द्यावं, त्याचं सौंदर्य तेच आहे.

आणखी एक चूक दिवाळीनंतरच्या साफसफाईत होते. वसंतात फुलणाऱ्या यांतल्या बऱ्याच रोपांच्या कळ्या आदल्या वर्षीच तयार झालेल्या असतात. डोंगरावर बर्फ वितळल्यानंतर जेमतेम दोन-तीन महिने मिळतात, तेव्हा कळी धरायला वेळ नसतो. जानेवारीत सॅक्सिफ्रेजचा झुबका निरखून पाहिला तर पानांच्या मधोमध कळी बसलेली दिसते. म्हणून ऑब्रिशियाची छाटणी फुलं ओसरताच करायची, निम्म्यापर्यंत, निर्धास्तपणे. शरदात कात्री चालवली की पुढच्या वसंताची फुलंच कापली गेली.

पुण्या-नाशकाहून आलेले नातेवाईक हा बहर पाहून बिया मागतात. त्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. तिथल्या उन्हाळ्यात रात्रीही उकाडा असतो. दिवसा कमावलेलं अन्न रोप रात्रीच्या श्वसनात खर्च करून बसतं, आणि उरलं तर पावसाळा आहेच. महाबळेश्वरही चालणार नाही. कासचं पठार पाहून अनेकांना वाटतं की तिथे बुटकी फुलं येतात, तर हीही येतील. कासच्या जांभ्यावरही मातीचा थर पातळच असतो, पण ती फुलं मोसमी पावसाची आहेत, बर्फाची नव्हेत. उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये खरी अल्पाइन फुलं जुलै-ऑगस्टमध्ये दिसतात. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून रोप उपटून आणणं गुन्हा ठरतो आणि आणलेलं रोप पुण्यात जगतही नाही. उन्हाच्या गच्चीवर जमिनीलगत फुलांची चादर हवी असेल तर चिनी गुलाब लावा. त्यालाही हीच खडी मिसळलेली, खताने न लाडावलेली माती लागते आणि शेजाऱ्यांकडून आणलेली फांदी नुसती खोचली तरी लागते.