अंगठ्यापाशी अडलेली खिडकी

नव्या ब्राउझरांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा सरळ हिंजवडी गाठता आली असती. पण शहरात ब्राउझर रुसला तर माणूस खिशातला मोबाइल काढतो. जिथे ब्राउझर रुसला की सातबारा, दाखला, हप्ता सगळंच अडतं, अशा ठिकाणी जावं असं वाटलं. म्हणून तुमसर तालुक्यातलं चिखला गाठलं.

भंडारा जिल्ह्यातलं हे गाव मॅंगनीजच्या खाणीसाठी ओळखलं जातं. खाण 'मॉइल'ची. या कंपनीची मुळं 1896 सालच्या एका ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातात, 1962 मध्ये तिचं आजचं रूप घडू लागलं. इथला काळा, वजनदार दगड मुख्यतः पोलादाच्या कामी येतो. खाणीपलीकडे धानाची बांधी. या दोन्हींत राबणारे हात कधी ना कधी एका खोलीतल्या सेवा केंद्रात येतात. तिथे एक टेबल, एक संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर आणि दाराशी चपलांचा ढीग. चालवणारा तिशीतला, सगळ्यांचा 'भाऊ'.

या संगणकात काय काय बसवलंय ते दाखव, म्हटलं. यादी एका नजरेत संपली: ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर आणि अंगठ्याच्या यंत्राची एक छोटी सेवा. पूर्वी प्रत्येक कामाची वेगळी सीडी असे. आता सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीएम किसान हे सगळं एकाच खिडकीतल्या टॅबमध्ये. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, त्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरावं लागत नाही. संगणक इथे आहे, पण काम दुसरीकडे चालतं. इथे उरली आहे ती फक्त खिडकी.

ही खिडकी एवढी ताकदवान कशी झाली, ते थोडक्यात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून 'मोझॅक' आला, पुढच्याच वर्षी 'नेटस्केप', मग मायक्रोसॉफ्टचा 'इंटरनेट एक्सप्लोरर'. तेव्हा ब्राउझर म्हणजे पानं वाचायचं साधन. 2004 मध्ये जीमेल आणि 2005 मध्ये गूगल मॅप्स आल्यावर लोकांना कळलं की पान हाच एक प्रोग्राम असू शकतो. 2008 मध्ये आलेल्या 'क्रोम'ने टॅब एकमेकांपासून तोडले आणि जावास्क्रिप्ट वेगात पळवली. 2011 पासून तर बहुतेक कामं ब्राउझरमध्येच करायची अशा बेताने बनवलेले लॅपटॉप, म्हणजे क्रोमबुक, विकले जाऊ लागले. आज एज, ब्रेव्ह, ऑपेरा, झोहोचा 'उला' अशी नावं अनेक, पण पोटातलं इंजिन बहुतेकांचं एकच, क्रोमियम.

मी तिथे बसलो असताना एक आजी आल्या. पीएम किसानची ई-केवायसी करायची होती. वर्षाचे 6000 रुपये, तीन हप्त्यांत. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीचाच बंद, त्यामुळे ओटीपी येणार नाही. या टेबलावर मग राहिला अंगठाच.

अंगठा ठेवला. यंत्राचा लाल दिवा लागला, पडद्यावर 'जुळत नाही'. पुन्हा तेच.

"काऊन नाही येऊन राहिला जी?" आजी म्हणाल्या.

"रोवणी करून रेषा घासल्या ना आजी. थांबा, दुसरं बोट ठेवू."

भाऊने ओल्या फडक्याने बोट पुसलं, कोरडं केलं, मधलं बोट ठेवायला लावलं. चौथ्या खेपेला हिरवी खूण आली. खाणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांचं अनामिकेवरच जुळतं, हे त्याला पाठ आहे.

ही अडचण नुसती बोटांची नाही. ब्राउझरची सुरक्षितता त्याच्या बंदिस्तपणात आहे. पानाने परवानगीशिवाय संगणकातल्या कुठल्याही वस्तूला हात लावू नये, हा त्याचा नियम. पूर्वी त्यातून पळवाट होती, प्लगइनची. 2015 मध्ये क्रोमने जुनी प्लगइन पद्धत बंद केली, आणि जावाच्या आधारे चालणाऱ्या डिजिटल सह्यांची देशभर पंचाईत झाली. आता अंगठ्यासाठी वेगळी युक्ती आहे: संगणकातच एक छोटी सेवा चालू ठेवायची, पानाने तिला आतल्या पत्त्यावर हाक मारायची, तिने ठसा कुलूपबंद करून द्यायचा. सगळं जगभर पांगलेलं असताना हा एक तुकडा मात्र टेबलावरच राहावा लागतो. ती सेवा झोपली, तिची मुदत संपली किंवा ब्राउझरने नवी परवानगी मागितली, की रांग थांबते.

चिंता इथून सुरू होते. क्रोमने 2023 च्या सुरुवातीला विंडोज 7 ला नवी आवृत्ती देणं थांबवलं. धडधाकट संगणकही त्यामुळे एका दिवसात म्हातारा ठरला. तो निर्णय चिखल्यात कुणी घेतला नव्हता. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द इथे शेतावरून आलेल्या बाईलाही ठाऊक आहेत, कारण तिची मजुरी त्यात बुडते.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली: 'डाऊनलोड्स'चं फोल्डर. त्यात दिवसभराची आधारकार्डं, पासबुकं, दाखले. खिडकीतून काम झालं तरी त्याचा गाळ टेबलावर साचतो. हा भाऊ रोज संध्याकाळी तो पुसतो, गिऱ्हाईक उठलं की लॉग आउट करतो. तसं करायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.

2025 मध्ये 'कॉमेट' आणि 'अ‍ॅटलस' असे नवे ब्राउझर आले. सांगाल ते काम ते स्वतःच क्लिक करून उरकू पाहतात. चिखल्याला यात नवल वाटू नये. सांगितलेलं काम करणारा माणूस इथे आधीपासून आहे, आणि कुणाचं कोणतं बोट चालतं हेही त्याला माहीत आहे. यंत्राने चुकीच्या रकान्यात चुकीचा आकडा भरला तर जाब कुणाला विचारायचा, याचं उत्तर मात्र नव्या ब्राउझरांनी अजून द्यायचं आहे. इथे निदान तोंडावर बोलायला भाऊ आहे.

अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचा हप्ता अडू नये, त्याच्या हाताशी दुसरा मार्ग हवाच, आणि तो प्रत्येकापर्यंत पोचवणं सरकारचं काम आहे. तोवर आपल्या हातातलं तेवढं करावं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडून घ्या. आणि सेवा केंद्रातून उठण्याआधी आपली कागदपत्रं त्या संगणकावरून पुसली गेली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.