नाव लुटारूचे, कूळ बुलबुलाचे

रूपावरून कुळाची पारख करणे किती फसवे ठरू शकते, याची साक्ष आफ्रिकेतील एक छोटा गायक पक्षी देतो. गॅबन, काँगो, अंगोला या देशांतील विरळ झुडपांच्या गवताळ प्रदेशात त्याचे वास्तव्य असते. हिरवट पाठ, राखाडी डोके, पांढुरका गळा आणि डोळ्यांपासून निघून छातीवर हारासारखा उतरणारा ठसठशीत काळा पट्टा, असे त्याचे रूप आहे.

जर्मन पक्षितज्ज्ञ काबानिस यांनी १८७५ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘निओलेस्टिस टॉर्क्वेटस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘निओस’ म्हणजे नवा आणि ‘लेस्टिस’ म्हणजे लुटारू. लॅटिन ‘टॉर्क्वेटस’ म्हणजे गळपट्टा ल्यालेला. त्याचा काळा पट्टा खाटीक पक्ष्यांची आठवण करून देणारा होता. खाटीक हे किडे, सरडे पकडून काट्यांवर टोचून ठेवणारे शिकारी. दक्षिण आफ्रिकेतील बोकमाकिरी या त्यांच्यासारख्याच पक्ष्याच्या छातीवरही असाच पट्टा असतो. साहजिकच हा नवा पक्षी शिकाऱ्यांच्या पंगतीत बसवला गेला.

त्याचे ताट मात्र निराळे होते. तो कीटक टिपतो, तरी त्याचा मुख्य आहार फळांचा. तो खाटीक की बुलबुल, हा वाद शतकभर रेंगाळला. अखेर १९९९ आणि २०१० साली ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत डीएनएने निर्वाळा दिला: हा बुलबुलच, आफ्रिकी बुलबुलांच्या शाखेतला. म्हणजे आपल्या अंगणातल्या लालबुड्या बुलबुलाचा तो दूरचा भाऊबंद. पिसांवरच्या रंगांचे साम्य नात्याविनाही येऊ शकते, हेही यातून स्पष्ट झाले.

कूळ बदलले, नाव मात्र राहिले. अर्थ चुकीचा ठरला म्हणून प्रथम दिलेले शास्त्रीय नाव बदलता येत नाही, असा प्राणिशास्त्रातील नामकरणाचा नियम आहे. बोकमाकिरीच्या शास्त्रीय नावात तर श्रीलंका आहे, जिथे तो कधीच आढळत नाही! नावे स्थिर राहिली, तरच दीडशे वर्षांपूर्वीची नोंद आणि आजचे संशोधन एकाच पक्ष्याविषयी बोलत आहे, याची खात्री पटते. म्हणून निरपराध बुलबुल लुटारूचे नाव मिरवतो आणि रानातली फळे खात राहतो.