वृद्धांच्या उशाशी बसण्याची विद्या

बॉथेल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाची जी शाखा १९९० साली निघाली, तीत परिचर्येचेही शिक्षण मिळते. परिचर्या शिकू लागलेल्या तरुणांची ओढ बहुधा रुग्णालयाकडे असते. वृद्धाच्या उशाशी बसण्यात कसली विद्या, असे अनेकांस वाटते. परंतु हे काम किती जोखमीचे आहे, ते बॉथेललगतच्या कर्कलंड नगरीत २०२० च्या फेब्रुवारीअखेर दिसून आले. तेथील एका वृद्धनिवासात करोनाची साथ उघडकीस आली आणि पाहता पाहता तीसांहून अधिक जीव गेले.

अशा निवासांस अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणतात. (मुंबई-पुण्याकडे याच शब्दाने लहानसे खाजगी रुग्णालय समजतात, म्हणून हा खुलासा.) तेथील मदतनिसांस १९८७ च्या कायद्याने किमान ७५ तासांचे शिक्षण सक्तीचे केले. त्यांवर देखरेख करणाऱ्या परिचारिकेस मात्र पुष्कळच अधिक जाणावे लागते, कारण वार्धक्यात रोग आपली नेहमीची खूण देत नाही. मूत्रमार्गास जंतुसंसर्ग झालेल्या आजीस ताप येईलच असे नाही. ती एकाएकी भ्रमिष्टासारखी बोलू लागते, आणि नवशिकी परिचारिका ‘वय झाले’ म्हणून पुढे जाते! टाचेवरची लाली म्हणजे शय्याव्रणाचा आरंभ, घास गिळताना वारंवार लागणारा ठसका, दहा औषधांतील चक्कर आणणारे एक. हे सारे ओळखणे प्रत्यक्ष निवासात, जाणत्या परिचारिकेच्या हाताखाली राहूनच अंगवळणी पडते.

आपणां गिरमिटियांच्या वंशजांस यात आणखी एक काळजी आहे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी गळते, बाळपणीची उरते. मॉरिशसच्या किंवा फिजीच्या उसाच्या मळ्यांलगत वाढलेली आजी इंग्रजी विसरून घरच्या बोलीत पाणी मागू लागली, तर विद्यार्थिनीने ती असंबद्ध बडबड म्हणून नोंदवावी काय? आगबोटींच्या नोंदवह्यांत कारकुनांनी आपल्या पूर्वजांची नावे कानांवर पडली तशी खरडली, आणि ती बिघडलेली नावे आपल्यांपैकी कित्येक घराणी आजही आडनावे म्हणून मिरवितात. आता शेवटच्या नोंदवहीतही तसेच घडावे, हे कोणास रुचेल?

म्हणून विद्यार्थ्यांस आपल्या घरी, मंदिरी बोलवावे. वडीलधाऱ्यांपाशी तासभर बसू द्यावे. आणि ज्यांचे आईवडील निवासात आहेत त्यांनी नावाचा खरा उच्चार, वर्ज्य अन्न, मंगळसूत्र न विचारता काढू नये ही सूचना, आणि ‘पाणी’, ‘दुखते’, ‘लघवी’ असे पाचदहा शब्द इंग्रजी लिपीत लिहून खाटेपाशी लावावेत.