निवडणुकीचा वकील : मतांचा नाही, पैशांचा हिशेब

करिअर म्हटलं की आपल्या कॉलेजात तीनच रस्ते दिसतात. कॅम्पस प्लेसमेंट, एम.एस. नाहीतर एम.बी.ए. चौथा कोणी सांगितलाच तर तो एमपीएससीचा! त्यामुळे मी ‘निवडणुकीचा वकील’ या करिअरवर लिहिणार म्हटल्यावर मैत्रिणींनी भुवया उंचावल्या. पण मित्रांनो, शेवटपर्यंत वाचा. या वकिलीत आवाज कमी आणि कॅल्क्युलेटर जास्त लागतो.

वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलावर हात आपटणारा सिनेमातला वकील येतो. निवडणुकीच्या वकिलाचं निम्मं काम मात्र कोर्टाबाहेरच होतं. मतदानाआधी तो उमेदवाराचा किंवा पक्षाचा सल्लागार असतो. अर्ज, शपथपत्र, खर्चाची वही हे सगळं त्याच्या नजरेखालून जातं. निकाल लागल्यावर तो हरलेल्याच्या बाजूनं याचिका दाखल करतो, नाहीतर जिंकलेल्याच्या बाजूनं ती परतवून लावतो. आणि काही थोडे वकील असेही आहेत, जे उमेदवाराऐवजी नागरिकांच्या संस्थेकडून उभे राहतात आणि कायद्यालाच आव्हान देतात. तिघांच्याही पुढे प्रश्न एकच : पैसा कोणाचा, किती आणि कोणत्या तारखेचा?

सबमिशन चुकलं तर...

या धंद्याचं पाठ्यपुस्तक म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. त्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च उमेदवारानं लिहून ठेवायचा. जानेवारी २०२२ मध्ये ठरलेली मर्यादा महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख रुपये, तर गोव्यात २८ लाख आणि ७५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा. सबळ कारणाशिवाय दिला नाही, तर निवडणूक आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आपलं सबमिशन चुकलं तर फार तर टर्म-वर्कचे मार्क जातात, इथे पुढची निवडणूकच जाते! आपल्या ग्रामपंचायतीच्या कायद्यात तर हीच शिक्षा ५ वर्षांची आहे.

हिशेब खोटा लिहिला तर कळणार कसं? याची पद्धत मला फार आवडली. समजा, उमेदवारानं लिहिलं की सभेला ५०० खुर्च्या होत्या. पण आयोगाच्या व्हिडिओ टीमच्या शूटिंगमध्ये २००० खुर्च्या दिसल्या. खुर्ची, मंडप, लाउडस्पीकर, चहा यांचे दर जिल्ह्याच्या दरपत्रकात आधीच ठरलेले असतात. त्या दरानं गुणाकार करून खर्च निरीक्षकाची माणसं आपली एक वेगळी नोंदवही ठेवतात. तिला ‘शॅडो रजिस्टर’ म्हणतात. प्रचाराच्या काळात तीन वेळा दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या जातात आणि फरक आला की नोटीस.

इथे सल्लागार वकिलाची खरी परीक्षा. पक्षाचा मोठा नेता हेलिकॉप्टरनं आला आणि त्याचं नाव स्टार प्रचारकांच्या यादीत असलं, तर त्याच्या प्रवासाचा खर्च पक्षाचा. पण उमेदवार त्याच्या शेजारी स्टेजवर जाऊन बसला, की सभेच्या खर्चातला वाटा उमेदवाराच्या वहीत. स्टेजवर चढायचं की खाली उभं राहायचं, हासुद्धा कायद्याचा प्रश्न आहे, हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

तारखांचा खटला

निकालाला आव्हान द्यायचं तर हायकोर्टात निवडणूक याचिका करावी लागते, तीही ४५ दिवसांत. ४६ वा दिवस उजाडला की दार बंद, कारण काहीही असो. याचिकेतला प्रत्येक आरोप ठोस हवा : कोणी, कुठे, कोणत्या तारखेला. ‘खूप पैसे वाटले’ एवढं लिहून भागत नाही. आणि भ्रष्ट आचरणाचा पुरावा जवळजवळ फौजदारी खटल्याइतका पक्का लागतो.

तारखेचं महत्त्व समजून घ्यायला एकच खटला पुरे. १९७१ मध्ये रायबरेलीतून हरलेल्या राज नारायण यांनी इंदिरा गांधींच्या निवडीला अलाहाबाद हायकोर्टात आव्हान दिलं. वकील होते शांती भूषण. एक मुद्दा असा की यशपाल कपूर हे सरकारी अधिकारी असतानाच बाईंच्या प्रचारात उतरले. बाईंच्या वकिलांचं म्हणणं, कपूरांनी १३ जानेवारीलाच राजीनामा दिला आणि बाईंनी अर्ज भरला १ फेब्रुवारीला. मग बिघडलं कुठे? पण न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ठरवलं की बाई २९ डिसेंबर १९७० पासूनच उमेदवार होत्या आणि राजीनाम्याचा आदेश निघेपर्यंत, म्हणजे २५ जानेवारीपर्यंत, कपूर सरकारी नोकरच होते. मधल्या दिवसांनी घात केला. १२ जून १९७५ ला पंतप्रधानांची निवड रद्द झाली. त्यानंतर तेराच दिवसांनी आणीबाणी.

ठरलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे ३५,००० रुपयांपेक्षा, जास्त खर्च केल्याचाही आरोप या याचिकेत होता. तो मात्र सिद्ध झाला नाही.

भांड्याला भोक

इथपर्यंत वाचून वाटेल, वा! काय कडक कायदा आहे! पण मग गावोगावचे कटआउट, जाहिराती, शेकडो गाड्या या ४० लाखांत बसतात कशा? मलाही हाच प्रश्न पडला होता.

त्याचं उत्तर १९७४-७५ मध्ये आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या माहितीनं झाला असेल, तर तोही त्याच्याच खात्यात धरायचा. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला : पक्षाचा किंवा मित्रांचा खर्च धरायचा नाही! पुढे १९७५ मध्ये अलाहाबादच्या निकालानंतर संसदेनं ‘उमेदवार’ या शब्दाची व्याख्याच बदलली. अर्ज भरला तेव्हापासूनच उमेदवार, आणि खर्चही तेव्हापासूनच मोजायचा. हे बदल मागच्या तारखेपासून लागू झाले आणि ७ नोव्हेंबर १९७५ ला सुप्रीम कोर्टानं इंदिरा गांधींची निवड वैध ठरवली.

पुढे २००३ मध्ये पक्षाच्या खर्चाची सूट थोडी आवळली गेली. पण पक्ष एकूण किती खर्च करू शकतो, याला आजही मर्यादा नाही. अर्ज भरण्याच्या आधीचा खर्चही वहीत येत नाही. म्हणजे भांड्याला झाकण घट्ट आणि बुडाला भोक! अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे १९७६ च्या बकली विरुद्ध व्हालेओ खटल्यापासून उमेदवाराच्या खर्चावर बंधन घालता येत नाही, पण त्याला कोणी किती देणगी द्यावी यावर मर्यादा आहे. त्यामुळे तिथला वकील पैसे येताना मोजतो, आपला जाताना.

बातमी की जाहिरात?

मराठी वाचकांना आठवत असेल, २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’चा विषय गाजला. पैसे घेऊन छापलेली बातमी ही जाहिरातच, मग तिचा खर्च हिशेबात का नाही? भोकरच्या निवडणुकीवरून अशोक चव्हाण यांच्याविरुद्ध तक्रार झाली. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. त्याच वर्षी जुलैत आयोगाचा निर्णय चव्हाणांच्या विरोधात गेला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टानं तो रद्द केला. अपात्रतेची वेळ आली नाही, पण आयोगाच्या अधिकाराचा मुद्दा मात्र कायम राहिला. एका माणसाचा खटला हरला-जिंकला तरी त्यातून नियम मागे उरतो, हे या वकिलीचं वैशिष्ट्य.

डीबीएमएसवाल्यांसाठी

आता आपल्या घरचा विषय. निवडणूक रोखे म्हणजेच इलेक्टोरल बाँड २०१८ मध्ये सुरू झाले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, नाव कोणाला कळणार नाही. याविरुद्ध असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स म्हणजे एडीआर ही संस्था २०१७ मध्येच कोर्टात गेली होती. १९९९ मध्ये आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी सुरू केलेली ही संस्था. उमेदवारांचे गुन्हे आणि मालमत्ता शपथपत्रावर दिसतात, तेही २००२ च्या तिच्याच खटल्यामुळे.

१५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांनी रोखे घटनाबाह्य ठरवले. बँकेला सांगितलं, माहिती द्या. बँक म्हणाली, ३० जूनपर्यंत मुदत हवी. कारण? रोखे २२,२१७. कोणी घेतले याची माहिती एका ठिकाणी, कोणी वटवले याची दुसऱ्या ठिकाणी, म्हणून ४४,४३४ नोंदी जुळवायच्या. हे वाचून आमच्या कॉम्प्युटर ब्रँचच्या कोणालाही हसू येईल. दोन टेबलं, एक कॉमन की, एक ‘जॉइन’ची क्वेरी! कोर्टानं मुदत दिली नाही. १४ मार्चला दोन याद्या प्रसिद्ध झाल्या, पण त्यांत रोख्याचे नंबर नव्हते. म्हणजे की गायब! कोर्टानं पुन्हा आदेश दिला आणि २१ मार्चला नंबर आले. कोणत्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला, हे मग कोणीही आपल्या लॅपटॉपवर जुळवू शकत होतं. वकिलांनी सहा-सात वर्षं भांडून मिळवलं काय, तर एक कॉलम. पण त्या एका कॉलममध्ये सगळं होतं.

या वाटेनं जायचं तर

बी.ई. नंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते. महाराष्ट्रात त्यासाठी लॉची सीईटी असते. मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी आणि ऑल इंडिया बार परीक्षा. त्यानंतर एखाद्या सिनियरच्या चेंबरमध्ये ज्युनियर म्हणून सुरुवात. पहिली काही वर्षं आपल्या प्लेसमेंटच्या पॅकेजशी तुलना न केलेलीच बरी. शिवाय निवडणुका काही रोज नसतात. त्यामुळे सहकारी संस्था, ग्रामपंचायत, जात वैधता, अपात्रता अशा केसेसवर गाडी चालते. ज्याला कागद बारकाईनं वाचायचा कंटाळा आहे, त्यानं या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट विचारपूर्वक सांगते. कायद्यातलं भोक माहीत असलेला वकील त्यातून अशिलाला सुखरूप बाहेर काढू शकतो, किंवा ते भोक बुजवायला कोर्टात जाऊ शकतो. डिग्री एकच, दोन्ही कामं कायदेशीर. पहिल्या कामाला माणसं भरपूर मिळतात, कारण फी देणारा अशील तिथेच असतो. दुसऱ्याला कमी पडतात. आकडे जुळवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांची गरज मला तरी तिथेच जास्त दिसते. आपल्यापैकी बहुतेकांनी आता कुठे मतदार यादीत नाव घातलंय. मत गुप्त असावं हे बरोबरच, पण ते मागायला येणाऱ्याचा पैसा तरी उघड असायला हवा, नाही का?