काळोखातलं पोलाद

शिकागोजवळच्या शॉमबर्गला डिसेंबरात साडेचारलाच दिवेलागण होते. शेजारी बर्फ लोटून घरात गेलेले असतात. मी गॅरेजातला दिवा मालवून प्रोपेनची भट्टी पेटवतो. दार मात्र फूटभर उघडं ठेवतो, कारण बंद गॅरेजात भट्टी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

पातं 1084 पोलादाचं. त्यात कार्बन साधारण 0.84 टक्के आणि बाकीची मिसळ कमी, म्हणून शिकाऊ हाताला सोसणारं. ठोकताना फारसं अडत नाही. केशरी आहे तोवर हातोडा चालवायचा, लाली काळवंडू लागली की पुन्हा भट्टीत. थंड पडलेल्यावर ठोकत राहिलं की चीर जाते. खरी कसोटी पाणी पाजताना. म्हणायचं पाणी, बुडवायचं तेलात.

त्यासाठी पातं 815 अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. इथले लोक या रंगाला ‘चेरीसारखा लाल’ म्हणतात. मला लहानपणापासून माहीत असलेली चेरी केकवरची, पाकातली. तिच्यावरून पोलाद काय जोखणार! शिवाय उजेड बदलला की रंगही बदलतो. जुलैत इथे रात्री साडेआठपर्यंत ऊन. अशाच एका संध्याकाळी पातं फिकं वाटलं म्हणून अजून जरा, अजून जरा करत तापवलं. पुढे व्हाइसमध्ये धरून वाकवलं, तर टचकन मोडलं. मोडल्या जागी रव्यासारखे चकचकीत दाणे. जास्त तापलं की पोलादाचे कण वाढतात आणि ते ठिसूळ होतं. 1976 साली निघालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत पातं न मोडता 90 अंश वाकावं लागतं. माझं वीसही वाकलं नव्हतं.

तेव्हा गावचा लोहार आठवला. ट्रकच्या पाट्यांचे कोयते करायचा. त्याची खोप इतकी बुटकी आणि काळोखी की आत शिरताना वाकावं लागे. पोरवयात वाटायचं, बिचाऱ्याला खिडकी परवडत नसेल. दुपारी दार उघडलं की तो खेकसायचा, “दार लोट!” आम्हाला वाटे, वारा आत येतो म्हणून ओरडतोय.

काळोखात पोलाद स्वतःच बोलतं. 770 अंशांला लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं. मी तारेला बांधलेला चुंबक लावून पाहतो. जेवणातलं मीठ 801 अंशांला वितळतं, म्हणून पात्यावर टाकलेला खडा पाघळला की त्या टप्प्यावर आलो. पण सगळ्यांत भरवशाची ती सावली. पोलादाची आतली घडण बदलू लागते तेव्हा ते उष्णता पिऊन घेतं, आणि तापत्या पात्यावरून काळसर लाटा सरकत जातात. त्या विरल्या, सगळं पातं एकसारखं उजळलं, की आणखी थोडंच. उजेडात ही सावली दिसतच नाही. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ती बघतच राहिलो आणि पातं पुन्हा जास्त तापलं.

तेल कनोलाचं. शिकागोकडच्या थंडीत ते दाटतं, म्हणून तापल्या लोखंडाचा तुकडा बुडवून 55 अंशांपर्यंत आणतो. दार उघडं असल्याने बोटं बधिर, तोंड भाजलेलं. भट्टीतून तेलात जायला उशीर चालत नाही, आणि तेलात पडल्यावर लाली उतरायला जेमतेम सेकंद मिळतो. त्याहून सावकाश निवलं तर पातं मऊच राहतं. बाहेर काढून कानस फिरवतो. ती काचेवरून घसरावी तशी घसरली तर जमलं.

पण आता ते काचेसारखंच फुटकंही असतं. फरशीवर पडलं तर संपलं. म्हणून लगेच स्वयंपाकघरात, 400 अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये, दोन-दोन तास, दोनदा. आमच्या ओव्हनची तबकडी 400 दाखवते तेव्हा आत 425 असतात, हे नानकटाईनं आधीच शिकवलं होतं. पातं बाहेर येतं तेव्हा वाळल्या कडब्याच्या रंगाचं असतं. ओव्हनला तेलाचा वास लागतो, आणि त्या आठवड्यात नानकटाई होत नाही.