वाफेच्या इंजिनांचे पुनरुज्जीवन आणि स्वयंसेवी श्रम

प्रास्ताविक :
वारसा-जतनाचा विचार करताना किल्ले, लेणी, हस्तलिखिते यांचा निर्देश सहजपणे होतो. यंत्रे मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. वास्तविक यंत्राचे जतन अधिक अवघड असते, कारण बंद पडलेले यंत्र हे अर्धेच जतन झालेले असते. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील स्वयंसेवकांनी केलेल्या वाफेच्या इंजिनांच्या पुनरुज्जीवनाचे स्वरूप विशद केले आहे.

वेल्समधील टॅलिलिन ही अरुंदमापी रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालविण्यास घेतली. या चळवळीचा आरंभ येथूनच मानला जातो. पुढे ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरील वाफेची वाहतूक थांबविली. वेल्समधीलच बॅरी येथील भंगार व्यापारी डाय वुडहॅम यांनी शेकडो इंजिने विकत घेतली होती. परंतु मालडबे मोडणे सोपे असल्याने त्यांनी ते काम आधी हाती घेतले. परिणामी इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उभी राहिली आणि त्यांपैकी २१३ वाचली. संरक्षणाच्या इतिहासात योजनेपेक्षा योगायोगाचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, तो असा.

कार्याचे स्वरूप :
गंजलेले इंजिन रंगविले की ते पुन्हा उभे राहते, हा समज चुकीचा आहे. खरा प्रश्न बॉयलरचा. वाफेच्या दाबाखाली काम करणाऱ्या या भागाच्या नळ्या बदलाव्या लागतात, अग्निपेटीचे पत्रे व त्यांना जखडणारे खिळे तपासावे लागतात, प्रथम पाण्याच्या व नंतर वाफेच्या दाबाची चाचणी घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे दहा वर्षांनी बॉयलर पुन्हा उघडून हेच काम नव्याने करावे लागते. शिक्षक, कारकून, निवृत्त फिटर अशी माणसे सुटीच्या दिवशी हे काम करीत आली आहेत. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. जुन्या आराखड्यांवरून लाकडी नमुना करून ते ओतून घ्यावे लागतात.

‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ हे १९५४ मधील इंजिन या संदर्भात विशेष उद्‌बोधक ठरते. ते अपेक्षेइतकी वाफ देत नाही अशी तक्रार होती आणि १९६२ मध्ये ते सेवेतून काढले गेले. त्याचे बाहेरचे सिलिंडरही काढून नेलेले होते. १९७४ मध्ये बॅरीहून नेलेले हे इंजिन १९८६ मध्ये पुन्हा चालू झाले. जुळणी करताना आढळले की राखपेटीतील हवेचे मार्ग आराखड्यापेक्षा लहान केले गेले होते. अग्नीला पुरेशी हवाच मिळत नव्हती. म्हणजे संकल्पकावर आलेला दोष बांधणीचाही होता, आणि हे हौशी मानल्या गेलेल्या कामगारांनी दाखवून दिले. अर्थात, इतके नवे भाग बसविलेले इंजिन मूळचे म्हणावे काय, हा वाद संग्रहालयशास्त्राने अद्याप मिटविलेला नाही.

महाराष्ट्राचाही येथे संबंध येतो. नेरळ–माथेरान मार्गावरील ओरेन्स्टाइन अँड कोपेल बनावटीच्या चार इंजिनांपैकी एक ब्रिटनमध्ये पोहोचले. भारतात मात्र रेवाडीसारख्या ठिकाणी हे काम प्रामुख्याने रेल्वेचे कर्मचारीच करतात. १८५५ चे ‘फेअरी क्वीन’ इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावले, तेही याच व्यवस्थेतून. वाफेवर काम केलेली पिढी निवृत्त होत गेली असून बॉयलरच्या आवाजावरून दोष ओळखण्याचे तिचे ज्ञान कोणत्याही आराखड्यात उतरलेले नाही. अभियांत्रिकी व इतिहास विभागांतील विद्यार्थ्यांना अशा कार्यशाळांत प्रवेश मिळाला, तर ते ज्ञान हातोहात पुढे जाऊ शकेल.